दोन्ही हात

पाडव्याच्या संध्याकाळी, ओवाळून झाल्यावर, माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे त्याची सकाळ होती. रात्रपाळी संपवून तो अजून गाडीतच बसला होता. डोळे सुजलेले, निळ्या शर्टावर कसला तरी वाळलेला डाग. तो टेक्सासमध्ये पॅरामेडिक आहे, म्हणजे अँब्युलन्सवर उपचार करणारा. शुभेच्छा देऊन झाल्या, चकलीचं ताट कॅमेऱ्यासमोर धरून झालं, आणि मग तो एकदम म्हणाला, "मावशी, आमच्या सर्व्हिसमध्ये विचारतायत, ड्युटीवर पिस्तूल ठेवायचं का. शर्टाच्या आत, कुणाला दिसणार नाही असं. कोर्स करावा लागेल. तू असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. आमच्या सगळ्या गोतावळ्यात रात्री-अपरात्री अँब्युलन्सच्या मागच्या भागात बसलेली मी एकटीच, म्हणून त्याने मला विचारलं. मी बीएएमएस. २०१५ ते २०१९ अशी साडेचार वर्षं सातारा जिल्ह्यात एकशे आठच्या गाडीवर होते, बराच काळ खटाव-माण भागात. आता कोरेगाव तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे आणि रात्री मी घरी झोपते. पण त्या प्रश्नाने मला पुन्हा त्या गाडीत नेऊन बसवलं.

आधी त्याची बाजू सांगते, कारण ती मला पोरकट वाटत नाही. तिथे एका मोठ्या मुलखात दोन गाड्या. शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, माणूस यायला कधीकधी अर्धा तास लागतो, असं तो सांगतो. टेक्सासने २०२१ साली कायदा केला की लहान लोकसंख्येच्या काउंटी (म्हणजे तिथले जिल्हे) आणि गावांमधल्या पॅरामेडिक, अग्निशामक वगैरे लोकांना, परवाना आणि ठरावीक प्रशिक्षण असेल तर, कामावर पिस्तूल जवळ ठेवता येईल. आपल्याला हे ऐकून दचकायला होतं. पण त्या देशात सामान्य लोकांच्या घरात जितक्या बंदुका आहेत तितकी तिथली माणसंही नाहीत. स्मॉल आर्म्स सर्व्हे या अभ्यासगटाने २०१७ साठी अंदाज काढला होता: दर शंभर माणसांमागे सुमारे १२० बंदुका. माझा भाचा बेशुद्ध पेशंटचा शर्ट कापतो तेव्हा कमरेला पिस्तूल सापडणं हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. आम्ही शर्ट कापायचो तेव्हा सापडायची तंबाखूची पुडी आणि गळ्यातला ताईत.

आणि तिथे खरंच मारतात. २०१२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टर गावात एका माणसाने आग लावली आणि विझवायला आलेल्यांवर लपून गोळ्या झाडल्या. दोघे गेले. १८ फेब्रुवारी २०२४ ला मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल इथे एका घरगुती प्रकरणात दोन पोलीस आणि त्यांच्यासोबतचा एक अग्निशामक-पॅरामेडिक मारला गेला. तो जखमी झालेल्याला मदत करत होता. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि लगेच भाच्याला मेसेज टाकला होता, "तू बरा आहेस ना?" मिनेसोटा टेक्सासपासून किती लांब आहे हे मला ठाऊक होतं. तरीही टाकला.

पण बर्न्सव्हिलचीच गोष्ट मला अडवते. तिथे आजूबाजूला शस्त्रधारी, शिकलेले, चिलखत घातलेले पोलीस होते. पिस्तुलांची कमतरता नव्हती.

आता माझी रात्र सांगते.

श्रावणातली होती. आम्ही एका बाळंतिणीला साताऱ्याला पोचवून परत निघालो होतो आणि कोरेगाव ओलांडतोय तोच केस आली. माणच्या हद्दीजवळचं गाव, सव्वीस वर्षांचा मुलगा, औषध प्यालेला. आमच्याकडे विष प्यालं असं कुणी म्हणत नाही, औषध प्यालं म्हणतात. फवारणीचं औषध. जवळची दुसरी गाडी आधीच कुठे तरी अडकलेली. आमच्यापासून गाव चाळीस किलोमीटरच्या वर, रस्त्यात पाऊस. आम्हाला पोचायला जवळजवळ एक तास लागला. त्या घरात तो एक तास कसा गेला असेल, हे मला तिथे उतरल्यावर कळलं.

अंगणात चाळीस-पन्नास माणसं. पडवीतल्या पिवळ्या बल्बखाली पोरगा आडवा. तोंडाला फेस, कपडे घामाने चिंब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि लसूण आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा तो वास. हा वास एकदा नाकात बसला की जन्मात जात नाही. श्वास वरवरचा, अडखळत. मी गुडघ्यावर बसले तेवढ्यात मागून आवाज आला, "आत्ता आलाय व्हय? मेल्यावर न्यायला आलाय?" तो त्याचा थोरला भाऊ.

आम्ही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला वेळ नव्हता आणि त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. विषावरचं पहिलं इंजेक्शन, अ‍ॅट्रोपिन, तिथेच दिलं, तोंड साफ केलं, आणि पायलट काका आणि मी स्ट्रेचर उचललं. आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात. त्यांना मी काका म्हणायचे. स्ट्रेचर गाडीत सरकवताना दगड आला. काकांच्या भुवईच्या वर लागला. रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी स्ट्रेचर सोडलं नाही. चाकं खाचेत बसल्याचा खट्ट आवाज आला, मग त्यांनी एक हात कपाळाला लावला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि आजही कुणी कर्तव्य वगैरे शब्द बोललं की मला तो खट्ट आवाज ऐकू येतो.

मी आत, दार आतून लावलेलं. काका पुढे जायला निघाले तर त्यांना चार-पाच जणांनी घेरलं. बाजूच्या काचेवर काठी बसली आणि काच माझ्या आणि पेशंटच्या अंगावर आली. मागचं दार कुणी तरी बुक्क्यांनी ठोकत होतं. दोन मिनिटं असतील, तीन असतील. खोटं कशाला सांगू, त्या वेळी कुणी माझ्या हातात पिस्तूल ठेवलं असतं तर मी ते दारावर रोखलं असतं आणि दार उघडताच चाप ओढला असता. मी तेव्हा तीस वर्षांची होते, घरी दोन वर्षांची मुलगी होती, आणि मला जगायचं होतं. म्हणून भाच्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. ज्याला त्या दाराच्या आत बसावं लागलेलं नाही त्याने "छे, डॉक्टरच्या हातात बंदूक कशी?" असं म्हणू नये.

एप्रनच्या खिशात माझ्याकडे मिरचीचा फवारा होता. नोकरी लागली तेव्हा नवऱ्याने आणून दिला होता. साडेचार वर्षांत तो एकदाही बाहेर काढला नाही. त्या रात्री हात खिशाकडे गेला आणि लक्षात आलं की बंद गाडीत हा मारला तर आधी या पोराचा उरलासुरला श्वास जाईल.

तेवढ्यात तो श्वास थांबायला आला. श्वास द्यायचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायला माझे दोन्ही हात लागतात. एका हाताने केलं तर हवा कडेने निसटते आणि छाती हलत नाही. मास्कला जोडलेला हवेचा फुगा दाबायला तिसरा हात पाहिजे. मदतीला असं दुसरं माणूस आमच्या गाडीत मागे नसायचं. काका कपाळावर रुमाल बांधून गाडी चालवणार होते. मी कोपराने दाराची कडी सरकवली. समोर तोच भाऊ उभा होता, हात वर उगारलेला. मी ओरडले, "आत ये, एकटाच ये, आणि हा फुगा धर."

तो आत आला. कसा आला, का आला, मला माहीत नाही. पुढे पुसेगाव आलं, वर्धनगडचा घाट आला, कोरेगाव गेलं. मी पाच आकडे मोजत होते आणि पाचला तो दाबत होता. मधेच मी दुसरं इंजेक्शन भरायला हात काढला की तो स्वतःच मोजायचा, मोठ्याने, शाळेत पाढे म्हणतात तसं. नखांत माती होती. मनगट दुखायला लागलं की तो हात बदलायचा, पण ठेका चुकू द्यायचा नाही. ज्या हाताने त्याने दगड मारला होता तोच हात होता तो. तासाभरात मला त्याच्याकडे बघायला वेळ मिळाला असेल तो घाटातल्या एका वळणावर. तो रडत होता आणि मोजत होता.

माझ्या हातात पिस्तूल असतं तर त्या दारात मी याच माणसाला मारलं असतं. मग फुगा कुणी दाबला असता?

साताऱ्याला पेशंट दिला. काकांच्या कपाळाला तिथेच चार टाके घातले. तिसऱ्या दिवशी तो मुलगा गेला, असं काकांना कुणाकडून तरी कळलं. एकशे आठच्या माणसाला पेशंटचं पुढे काय झालं हे सहसा कळतच नाही. कळलं तर ते असं उडत उडत.

काकांनी तक्रार केली. मी जबाब दिला. हे मुद्दाम सांगते, कारण घाटातल्या त्या रडण्यावर सगळं माफ झालं असं कुणाला वाटू नये. काकांचा डोळा बोटभर अंतराने वाचला. महाराष्ट्रात २०१० सालचा कायदा आहे: वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची भरपाई दुप्पट. कायदा चांगला आहे. अंगणात तो कुणाला माहीत नसतो.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. माझे वडील.

आमचं गाव अपशिंग्यापासून फार लांब नाही. त्या गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आमच्या पट्ट्यात घरटी फौजी. आप्पाही फौजेतून निवृत्त झाले आणि मग एका बँकेत गार्ड म्हणून लागले, स्वतःची बारा बोअरची परवान्याची बंदूक घेऊन. बंदूक हा आमच्या घरात कौतुकाचा विषय कधीच नव्हता, तो जबाबदारीचा विषय होता. रविवारी ती साफ व्हायची, तेव्हा आम्ही पोरांनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि त्याची पावती देव्हाऱ्याच्या खणात, सत्यनारायणाच्या पोथीखाली. लग्नाला जायचं झालं तर आधी प्रश्न, बंदुकीजवळ कोण थांबणार? आप्पा म्हणायचे, "बंदूक हाय म्हंजी आदी बंदुकीची राखण. बँकेची राखण मागनं."

मी नववीत असताना एक दिवस आप्पा घरी आले आणि जेवले नाहीत. आईने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर बोलले. पेन्शनच्या दिवशी बँकेत गर्दी होती, रांगेतला एक म्हातारा कोसळला. आप्पांपासून दहा पावलांवर. सगळे धावले, कुणी पाणी आणलं, कुणी छाती चोळली, कुणी नुसताच गोंगाट केला. आप्पांना फौजेत प्रथमोपचार शिकवलेले होते. त्या हॉलमध्ये काय करायचं हे बहुतेक त्यांनाच सगळ्यांत नीट माहीत होतं. आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही हातांत बंदूक धरून, कारण गोंधळ झाला की गार्डने जागा सोडायची नसते. गोंधळ मुद्दामही केलेला असू शकतो. म्हातारा तिथेच गेला. "मला जाता आलं न्हाई," आप्पा म्हणाले. "बंदूक कुणाच्या हातात देऊ?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. गार्डचं काम तेच. पण भाच्याचा प्रश्न ऐकल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते हे. लांब बंदूक खाली ठेवता येत नाही आणि कमरेचं पिस्तूल ठेवायची गरज नाही, असं कुणी म्हणेल. पण लक्ष कुठे ठेवणार? छातीवर दाब देताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच-सहा सेंटिमीटर खोल, कोपर सरळ, सगळं शरीर पेशंटवर झुकलेलं. शर्ट वर सरकतो. शेजारी नातेवाईक अंगाला अंग लावून. झटके येणारा पेशंट हाताला येईल ते पकडतो, माझ्या ओढण्या किती फाटल्या त्याला गणती नाही. दारू प्यालेला, साखर उतरलेला, डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर येताना आधी मारतो आणि मग ओळखतो. त्याच्या हाताच्या अंतरावर भरलेलं पिस्तूल ठेवायचं आणि पाठ वळवून सलाइन लावायचं. पोलीस असलं शस्त्र घेऊन समोरच्यापासून अंतर राखायला शिकतो. आमचं कामच अंतर संपल्यावर सुरू होतं.

आपल्याकडचे नियम वाचताना एका वाक्यावर मी थबकले. २०१६ च्या शस्त्र नियमांत असं आहे की सार्वजनिक ठिकाणी परवान्याचं शस्त्र नेताना ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर परिणामकारक ताबा राहिला पाहिजे. म्हणजे झाकून नेणं आपल्याला परकं नाही, नियमच तसा आहे. अडतं ते पुढच्या अटीवर. मास्क धरलेल्या बाईचा कमरेवर ताबा कसला राहणार? शिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, गर्दीचा जमाव इथे शस्त्र घेऊन जायचं नाही, ही परवान्याची जुनी अट. आणि आम्ही उभे असायचो ते नेमके तिथेच. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या रथाला मी दोन वर्षं ड्युटी केली. त्या गर्दीत माणूस बेशुद्ध पडला की लोकच हात लावून त्याला डोक्यावरून पुढे पाठवतात, गाडीपर्यंत.

मला सगळ्यांत जास्त सतावतो तो मात्र "कुणाला दिसणार नाही" हा भाग. भाच्याला तो दिलासा वाटतो. मला तिथेच धोका दिसतो.

आमच्या भागात भावकीची भांडणं होतात. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, सामाईक विहिरीवरून. एकाच आडनावाची दोन घरं, दोन्हीकडे डोकी फुटलेली. गाडी एकच. मी एकदा दोन चुलतभावांना एकाच फेरीत आणलं आहे, एक स्ट्रेचरवर, एक बाकावर, दोघांच्याही डोक्याला बँडेज, दोघेही माझ्याकडे बघत, एकमेकांकडे नाही. त्या रात्री दोन्ही घरांनी आम्हाला वाट दिली. कोयते हातात असलेल्या माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. का दिली? मी काही त्यांच्या ओळखीची नव्हते. आमच्या गाडीत औषधाशिवाय काही नसतं, हे त्यांना विचार न करता माहीत होतं. त्या न विचारता असलेल्या माहितीच्या जोरावर आम्ही दोन माणसं मध्यरात्री अनोळखी वस्तीत शिरायचो.

झाकलेलं पिस्तूल एकाच्या कमरेला असतं, पण संशय सगळ्यांच्या कमरेवर बसतो. उघड असतं तर निदान कळलं असतं की हिच्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही. कुठे तरी एका जिल्ह्यात एका गाडीवरच्या माणसाकडे ते निघालं आणि ती बातमी मोबाइलवर फिरली, की दुसऱ्या दिवशी माझ्यासारखी रिकाम्या हाताने उतरलेली बाईसुद्धा त्या कोयतेवाल्याच्या नजरेत शस्त्रधारी. मी एप्रनच्या खिशात हात घातला टॉर्च काढायला, आणि त्याला वाटलं दुसरंच काही. तो का थांबेल? मला न विचारता, माझ्याकडे नसलेली बंदूक माझ्या कमरेला बांधली जाईल. आणि आपल्याकडे लपून राहतं तरी काय? गाडी ज्या रुग्णालयाच्या आवारात उभी असायची तिथल्या चहावाल्याला आमच्या पगाराची तारीख आमच्याआधी माहीत असायची.

युद्धात काय करतात हेही मी पाहिलं. मला वाटत होतं की रेडक्रॉसचं चिन्ह लावलेल्याला शस्त्राची साफ मनाई असणार. तसं नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या बाविसाव्या कलमात म्हटलं आहे की वैद्यकीय पथकातल्या लोकांनी शस्त्र बाळगलं आणि स्वतःच्या किंवा आपल्या ताब्यातल्या जखमींच्या बचावासाठी वापरलं, म्हणून त्या पथकाचं संरक्षण जात नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसले. माझ्या मताला ते सोयीचं नव्हतं. पण आप्पांशी बोलताना त्यांनी वेगळंच दाखवलं. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण फौजेचा विषय निघाला की नीट ऐकू येतं. ते म्हणाले, तिथं जो तो गणवेशात असतो, कोण कुणाचा ते लांबून कळतं, आणि दवाखान्याच्या भोवती पलटण असते. "तुझ्या गाडीभवती कोण असतंय?"

तेच तर. भोवती कुणी नसतं, आणि त्यावर पिस्तूल हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, म्हणून तो सुचतो. एक कोर्स, एक परवाना, आणि मग रात्री एकटीने त्या अंगणात उतरणं हा तिचा तिने सोडवायचा प्रश्न. उद्या ती मेली तर लोक विचारतील, पिस्तूल असून काढलं का नाही? आणि काढलं तर विचारतील, का काढलं?

मला विचाराल तर मला त्या रात्री काय हवं होतं? मागे माझ्यासोबत आणखी एक माणूस. चाळीस किलोमीटरच्या आत दुसरी मोकळी गाडी. अंगणात पन्नास माणसं जमली आहेत, चिडली आहेत, ही खबर फोन उचलणाऱ्याने आम्हाला आणि जवळच्या ठाण्याला एकाच वेळी देणं. गावचे पोलीस पाटील दहा मिनिटं आधी तिथे जाऊन उभे राहिले असते तरी दगड आला नसता, असं मला वाटतं. अमेरिकेत पोलीस "आता या" म्हणेपर्यंत गाडी लांब थांबवायची पद्धत आहे. आमच्या गावात वेशीवर गाडी थांबवून बसलो असतो तर लोकांनी गाडी जाळली असती. म्हणून पोलीस आमच्या आधी किंवा सोबत पोचणं हाच मार्ग. आणि त्या घराला तासभर खरं सांगणारं कुणी तरी: गाडी कोरेगावात आहे, अजून पन्नास मिनिटं, तोवर त्याला कुशीवर वळवा, तोंड पुसा, मीठपाणी पाजू नका. त्या भावाला तासभर करायला काही काम दिलं असतं तर त्याच्या हातात दगड आला नसता. तो काम करणारा माणूस होता, हे मी पाहिलं आहे.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, तीन-चार दिवस, तुकड्या-तुकड्यांत. त्याने नीट ऐकलं. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या दारात दगड होता. माझ्या दारात रायफल असेल." यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या दारात काय असेल ते त्याच्या देशाने ठरवलं आहे, आणि मी इथून त्याला तू रिकाम्या हाताने जा म्हणणं सोपं आहे. मी एवढंच म्हटलं की चिलखत घाल, ते आधी माग. त्याच्यामुळे तुझे हात अडत नाहीत आणि समोरच्याला भीती वाटत नाही. फॉर्म त्याने अजून भरलेला नाही. मी आठवड्याला एकदा विचारते.

मग त्याने विचारलं, "तो भाऊ परत भेटला का गं कधी?"

भेटला. कोर्टात. घटनेनंतर दीड-दोन वर्षांनी मला साक्षीला बोलावलं होतं. मी गाडीची नोकरी सोडायच्या बेतात होते. व्हरांड्यात बाकावर बसले होते, कपात मशीनचा चहा. तो समोर उभा, पांढरा शर्ट, नवीन चप्पल, कोर्टासाठी घेतलेली असावी. काका माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी तोंड फिरवलं. साक्ष द्यायच्या आधी आरोपीशी बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, त्यालाही वकिलाने सांगितलं असेल. तो दोनदा पुढे आला आणि मागे गेला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले आणि त्याच्या अंगावरून जाताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, येकच इचारतो. त्या राती फुगा म्या बराबर दाबत हुतो का?"

मी थांबले. शिपाई दार धरून उभा होता.

"बरोबर दाबत होतास," मी म्हटलं, आणि आत गेले.